टोनची वाट पाहू नकोस

ब्राइड व्हेलनच्या हार्ड डिस्कने मार्चमध्ये मान टाकली.
टिक टिक टिक, मग काहीच नाही.
भाच्याने हॅलिफॅक्सहून सीडी पाठवली,
पन्नास एमबीत मावलेली अख्खी लिनक्स,
वर मार्करने: मावशी, नुसती आत सरकव.

सरकवली. पडदा उजळला.
पण इंटरनेट आमच्याकडे टेलिफोनच्या तारेतूनच येतं,
फॉर्च्यून बेच्या या टोकाला दुसरं काही पोचलेलं नाही,
म्हणून तिने मला बोलावलं.
मी बत्तीस वर्षं कंपनीचे खांब चढलोय.
कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही,
पण तार म्हणजे तार.

पहिला दिवस आतल्या मोडेमने खाल्ला.
त्याला स्वतःची अक्कल नाही,
विंडोजच्या डोक्याने चालायचा,
विंडोज गेलं तसा नुसता पत्रा उरला.
फिश प्लँटच्या बंद ऑफिसातून
(किल्ली अजून एझेकिएल पूलकडेच असते)
मी दुसरा आणला, विटेएवढा, लाल दिव्यांचा,
त्याला हेरिंगचा वास येत होता.
हुकूम टाइप केला: ऊठ.
तो म्हणाला: ओके.
त्या दोन अक्षरांचा मला झालेला आनंद
मी बायकोलाही सांगितलेला नाही.

नंबर फिरव म्हटलं.
नो डायलटोन.
पुन्हा. नो डायलटोन.
केबल बदलली, जॅक उघडला,
तांब्यावरचा हिरवा गंज व्हिनेगरने पुसला.
नो डायलटोन.

मग जे आधी करायचं ते शेवटी केलं,
रिसीव्हर उचलून कानाला लावला.
टोन होता. पण अडखळत,
त-त-त-त, आणि मग कुठे सलग.
हा मला झोपेतही ओळखू येतो:
कुणाचा तरी निरोप पडून आहे, न ऐकलेला.

"ब्राइड, तो निरोप ऐकून टाक, मोडेम बिचकतोय त्याला."
ती स्टोव्हशी पाठमोरी उभी होती.
"अँब्रोझचा आहे," म्हणाली.
"सेंट जॉन्सहून, हॉस्पिटलातून. मी लाकडं आणायला शेडमध्ये गेले होते."
केटलला शिट्टी यायला अजून वेळ होता.
"ऐकला की संपला ना तो."

भाच्याच्या चिठ्ठीच्या पाठीवर, बारीक अक्षरात,
एक ओळ होती: एक्स थ्री.
म्हणजे टोनची वाट पाहू नकोस,
पलीकडे शांतता असो की अडखळणं,
तू आपला नंबर फिरव.

फिरवला.
किरकिर, शीळ, वाळू चाळल्यासारखं काही,
दोन अनोळखी माणसं एकमेकांची बोली चाचपताना करतील तसं,
आणि एकदम गप्प. लागलं.
तरी नावाने हाक मारली तर कुणी ओ देईना,
आकड्याने मारली तर लगेच दार उघडे.
आणखी एका फाइलीत दोन ओळी लिहिल्या,
तेव्हा नावंही ओळखीची झाली.

तिने सगळ्यात आधी काय उघडलं? सागरी हवामान.
नैर्ऋत्येचा वारा, पंचवीस नॉट, संध्याकाळी धुकं.
बोट विकून चार वर्षं झाली.
काचेवरची वाफ बाहीने पुसून तिने बाहेर पाहिलं.
"बरोबर आहे," म्हणाली, पेपर तपासल्यासारखं.

सीडीला काही लक्षात राहत नाही.
बंद केलं की नंबर गेला, एक्स थ्री गेला,
रोज रात्री पाटी कोरी.
म्हणून चहाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून
मी पेन्सिलने सगळं क्रमाने लिहिलं, खिळ्याला टांगलं.
पहिली ओळ होती: व्हॉइसमेल रिकामा करा.
ती खोडली.

"आणि मी यावर असताना कुणी फोन केला तर?"
"लाइन बिझी. निरोप मशीनकडे जाईल."
तिने जरा विचार केला.
"मग त्याच्या मागे रांगेत राहील."

कंपनी जुने निरोप तीन आठवड्यांनी आपणहून पुसते.
हे मला ठाऊक आहे, तिला नाही.
घरी आल्यावर, बूटही न काढता,
मी गँडरच्या एक्स्चेंजमधल्या कर्टिसला फोन लावला.
तो म्हणाला, नियम आहे, लिअँडर.
मी म्हटलं, असू दे. नंबर लिहून घे.